कुल्लू-मनाली, गर्दी ओसरल्यावर : वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला, की मनालीच्या मॉल रोडवर आपल्याच कॉलनीतली माणसं भेटतात. ती गर्दी, ते दर आणि सोलंगच्या रस्त्यावरची गाड्यांची रांग टाळून मार्च-एप्रिलमध्ये किंवा दसरा-दिवाळीच्या आगेमागे कुल्लू खोऱ्यात जायचं म्हणणारी पत्रं यंदा बरीच आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वसंतात जावं की शरदात? आम्हाला बर्फ, सफरचंदाचा बहर आणि निळंशार आकाश, तिन्ही बघायचंय. हाताशी आठ दिवस आहेत. (प्रतापनगर)

उत्तर : तिन्ही एका फेरीत पदरात पडत नाहीत. मुळात ‘कमी गर्दीचे दिवस’ म्हणजे सरसकट एक मोसम नव्हे. पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी खोरं वेगळंच दिसतं.

मार्चचा पूर्वार्ध म्हणजे तिथे हिवाळाच. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या प्रणाली, एकामागून एक येत असतात. खाली कुल्लूत पाऊस, मनालीत कधी पाऊस तर कधी बर्फ. बर्फ हवाच असेल तर हे दिवस बरे, पण आठपैकी दोन दिवस खोलीत बसून काढायची तयारी हवी. होळीला मात्र दिल्ली-चंदीगडची तरुण मंडळी लोटते, तेवढे तीन-चार दिवस वगळा.

२० मार्चनंतर फुलं सुरू होतात. आधी आलुबुखार आणि जर्दाळू, पानं फुटायच्या आतच, मग नाशपाती, शेवटी सफरचंद. सफरचंदाची कळी गुलाबी असते आणि उमलताना पांढरी होत जाते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. एका बागेतला बहर साधारण दहा दिवस टिकतो, पण तो खालून वर चढत जातो : आधी कुल्लूच्या आसपास, मग पतलीकूहल, मग नग्गर आणि मनाली. म्हणून खाली पाकळ्या गळलेल्या दिसल्या तर हिरमुसू नका, पाच-सातशे मीटर वर जा. मार्चअखेर ते एप्रिलचा दुसरा आठवडा हा यासाठी भरवशाचा काळ. बागेत झाडांखाली लाकडी पेट्या मांडलेल्या दिसल्या तर त्या परागीभवनासाठी आणलेल्या मधमाश्यांच्या असतात. फोटोसाठी त्यांच्या तोंडासमोर उभं राहू नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. काही बागांवर गारपिटीपासून बचावासाठी जाळ्या ताणलेल्या असतात. तिथे लांबून फोटो येत नाही.

बैसाखी (१३-१४ एप्रिल) आणि गुड फ्रायडेला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. २० एप्रिलनंतर दर चढू लागतात.

आता दुसरी बाजू. पाऊस सप्टेंबरअखेर माघार घेतो. सप्टेंबरात खोरं हिरवंगार असतं, पण रस्त्याचा भरवसा नसतो. २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यात बियास नदीने कुल्लू-मनाली महामार्गाचे तुकडेच्या तुकडे वाहून नेले होते. म्हणून सप्टेंबरात जाणाऱ्यांनी आरक्षणाआधी हॉटेलवाल्याला एकच प्रश्न विचारावा : आज व्होल्वो मनालीपर्यंत येते का, की पतलीकूहललाच उतरवते?

पानगळीचा रंग देवदारामुळे येत नाही. तो बारमाही हिरवा. पिवळे होतात ते पॉप्लर, विलो, अक्रोड आणि सफरचंद. अटल बोगद्यापलीकडच्या लाहौलमध्ये ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, आणि कुल्लू खोऱ्यात ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. आकाश सर्वांत स्वच्छ याच दिवसांत मिळतं, कारण मोसमी पाऊस गेलेला असतो आणि पश्चिमी विक्षोभांनी अजून जोर धरलेला नसतो.

दसऱ्याच्या आठवड्यात बंगालहून आणि दिवाळीच्या आठवड्यात गुजरातहून पर्यटक येतात. शाळेच्या सुट्टीत अडकलेली मुलं बरोबर नसतील, तर आमचा कौल दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याला. फुलं नाहीत, बर्फ फक्त शिखरांवर, पण दर उतरलेले आणि नग्गरहून समोरची अख्खी रांग दिसते. काहीही निवडलंत तरी आठपैकी एक दिवस कोराच ठेवा. खोऱ्याला आत-बाहेरचे रस्ते मोजकेच. एक दरड कोसळली की कार्यक्रम एक दिवस पुढे सरकतो.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलांना बर्फात खेळायला मिळेल का? एजंट ‘हमखास’ म्हणतो. (मानेवाडा)

उत्तर : ऑक्टोबरात हमखास काहीच नसतं. रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) ताजी भुरभुर झाली तर झाली. सोलंगला (सुमारे २,५०० मीटर) त्या दिवसांत गवत असतं.

मार्च-एप्रिलमध्ये गणित उलटं. तेव्हा रोहतांग बंद असतं, साफ होत गेलेल्या रस्त्याने टप्प्याटप्प्याने वर सोडतात. मात्र अटल बोगद्यातून पलीकडे कोकसर-सिस्सूला (सुमारे ३,१०० मीटर) एप्रिलमध्येही रस्त्याकडेला बर्फ मिळतो. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून बर्फासाठी रोहतांगच्या परवान्यामागे धावायची गरज उरलेली नाही. बोगद्याला परवाना लागत नाही. रोहतांगला गाडीगणिक ऑनलाइन परवाना लागतो, दिवसाला १,२०० गाड्यांची मर्यादा आहे (८०० पेट्रोल, ४०० डिझेल) आणि मंगळवारी देखभालीसाठी रस्ता पर्यटकांना बंद असतो.

जोरदार बर्फ पडल्यावर पोलीस फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. तुमची टॅक्सी अडली तर चालकाशी हुज्जत घालू नका. उलट असं झालं तर पैसे किती परत, हे सकाळी निघतानाच ठरवून घ्या. आणि सोलंगच्या रस्त्यावर गमबूट व स्नो सूट भाड्याने देणारे गाडी थांबवतात. वर बर्फ आहे का, हे खाली येणाऱ्या गाडीला विचारून मगच भाडं द्या. सूट घेताना चेन वर-खाली करून बघा, बुटात हात घालून बघा. आदल्या दिवशीचा ओला बूट घालून पोरगं अर्ध्या तासात रडायला लागतं.

प्रश्न : नागपूरहून सोयीचा मार्ग कोणता? विमान परवडत नाही. (नंदनवन)

उत्तर : रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रीची बस. नागपूर-दिल्ली सुपरफास्ट गाडीने १४ ते १८ तास. सकाळी दिल्लीला पोचवणारी गाडी निवडा, म्हणजे संध्याकाळच्या बसला मधे दिवसभराची उसंत राहते. रेल्वेचं आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून). दिवाळीनंतरची परतीची तिकिटं पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

हिमाचल परिवहनच्या व्होल्वो काश्मिरी गेटच्या बसस्थानकातून सुटतात. नवी दिल्ली स्थानकावर उतरलात तर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने तिसरं स्थानक काश्मिरी गेट. राजधानीसारखी गाडी निजामुद्दीनला उतरवते. तिथून गुलाबी मार्गाने लाजपतनगर आणि तिथे जांभळ्या मार्गावर बदल, तोही थेट काश्मिरी गेटला जातो. खासगी बस कुठून सुटते ते तिकिटावर नीट वाचा. ‘दिल्ली’ एवढंच लिहून शहराच्या दुसऱ्या टोकाला बोलावणारे आहेत.

बसला १२ ते १४ तास धरा. किरतपूर-नेरचौक चौपदरी झाल्यापासून बिलासपूरच्या बाजूची जुनी वळणं बरीच टळली आहेत. खरी वळणं मंडीनंतर, पहाटे, पंडोह ते औटच्या अरुंद घळीत लागतात, आणि दरडीही तिथेच पडतात. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या चार रांगांत जागा घ्यावी, रात्रीच्या ढाब्यावर राजमा-पराठा चापू नये, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बस सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. परतीला बस दिल्लीत पोचण्याची वेळ आणि रेल्वे यांच्यात किमान सहा तास ठेवा. दोन तासांचं अंतर ठेवून तिकीट काढणाऱ्यांची गाडी पंडोहमध्येच चुकते.

प्रश्न : ऑफ सीझनला हॉटेलवाले निम्म्या दरात खोली देतात म्हणे. यात काही गोम असते का? (धरमपेठ)

उत्तर : असते, आणि ती बहुतेक वेळा न्हाणीघरात असते. खोलीतला गिझर साधारण १५ लिटरचा. नोव्हेंबरात नळाचं पाणी ८ अंशांच्या आसपास येतं. ६० अंशांवर तापलेले १५ लिटर त्या पाण्यात मिसळून अंगावर घेण्याजोगं, म्हणजे ४० अंशांचं केलं, तर जेमतेम २४ लिटर भरतं. सव्वा बादली म्हणा. टाकी पुन्हा तापायला २,००० वॉटच्या गिझरला अर्धा तास लागतो. चौघांचं कुटुंब असेल आणि नऊची टॅक्सी ठरली असेल, तर पहिली आंघोळ सातला लागायला हवी. नागपुरात उन्हाळ्यात नळालाच गरम पाणी येतं, त्यामुळे हा हिशोब आपल्या डोक्यात येतच नाही. म्हणून विचारा : गिझर खोलीतला की मजल्यावरचा सामाईक, आणि गरम पाण्याला वेळ ठरलेली आहे का?

दुसरं म्हणजे रूम हीटर. स्वस्त खोलीत तो दररोज वेगळ्या भाड्याने मिळतो; बुकिंग करतानाच दरात धरून घ्या. बर्फात वीज जाते. ‘पॉवर बॅकअप आहे’ याचा अर्थ दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग. इन्व्हर्टरवर २,००० वॉटचा हीटर चालत नाही. त्यामुळे जाड रजाया किती, हे हीटरपेक्षा महत्त्वाचं. बंद खोलीत शेगडी किंवा निखारे लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिसरी गोष्ट, जी फारसं कुणी विचारत नाही : खोलीला ऊन किती वाजता येतं? बियास उत्तरेकडून दक्षिणेला वाहते. मनाली गाव पश्चिम काठावर असल्याने तिथे सकाळचं ऊन आधी येतं, आणि नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारास डोंगर ते झाकून टाकतो. समोरचा नग्गरचा उतार पश्चिमेला तोंड करून आहे. तिथे ऊन उशिरा येतं पण संध्याकाळपर्यंत रेंगाळतं. दिवसभर भटकून चारला परतणाऱ्यांनी नग्गरच्या बाजूला, म्हणजे स्थानिक ज्याला ‘लेफ्ट बँक’ म्हणतात तिथे, राहावं. ऊन गेलं की दहा मिनिटांत स्वेटर शोधावा लागतो.

जुन्या मनालीतले बरेच कॅफे नोव्हेंबरात कुलूप लावतात आणि मार्चनंतर उघडतात. जेवणाची सोय हॉटेलातच आहे ना, एवढं पाहून घ्या. गरम सिड्डू (सारण भरून वाफवलेली गव्हाची जाड पोळी) आणि त्यावर साजूक तूप मात्र कुठेही मिळेल. नाश्त्याला तर्री-पोहे आठवणार नाहीत असा आमचा दावा नाही.

प्रश्न : आई-बाबा ७० च्या पुढचे. बाबांना रक्तदाब, आईला मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. न्यावं का? (लक्ष्मीनगर)

उत्तर : मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर. विरळ हवेचा त्रास या उंचीवर सहसा होत नाही. सिस्सूला अर्धा दिवस जाऊन परत यायला हरकत नाही, तेही मनालीत दोन रात्री काढल्यावर. रोहतांग त्यांच्यासाठी गाळा : दोन-अडीच तासांत दोन हजार मीटर चढणं हृदयाला सोपं नाही. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलाच, कारण थंडीत रक्तदाब वाढतो आणि गोळीची मात्रा तेच ठरवू शकतात.

इन्सुलिनबद्दल आपल्याकडे सगळी काळजी उन्हाची असते; तिथे उलट. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी झालेलं असतं. रात्री ते टॅक्सीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर राहू देऊ नका, विमानाने गेलात तर चेक-इन बॅगेत टाकू नका. अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. साखर मोजायचं यंत्र गारठलं की चूक दाखवतं, ते आधी खिशात उबवून घ्या.

हिडिंबा मंदिर (१५५३ मध्ये राजा बहादूरसिंहाने बांधलेलं) टॅक्सीने जवळपर्यंत गाठता येतं. नग्गरचा किल्ला गाडीने गाठा. खालच्या बाजारातून पायी चढ दमवतो. चित्रकार निकोलस रोरिक १९४७ मध्ये नग्गरलाच वारले. त्यांचं घर आणि चित्रं किल्ल्याच्या वरच्या अंगाला आहेत. जोगिनी धबधब्याची पायवाट त्यांच्यासाठी नाही. वशिष्ठच्या गरम कुंडात गुडघ्यांना आराम वाटेल, पण रक्तदाब असणाऱ्यांनी पाय सोडून बसावं. गळ्याइतक्या पाण्यात उतरून एकदम उभं राहिलं की चक्कर येते.

प्रश्न : स्वतःची गाडी नागपूरहून नेली तर? नोव्हेंबर, पेट्रोल कार. (बेसा)

उत्तर : एका बाजूचं अंतर १,६०० किलोमीटरच्या आसपास : सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. जाताना तीन मुक्काम करा. एकटा चालक असेल तर आमचं उत्तर ‘नको’ असंच आहे. आठ दिवसांच्या सहलीतले बहुतेक दिवस स्टिअरिंगवर जातील.

नेणार असाल तर निघण्याआधी गॅरेजात रेडिएटर बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की कुणीतरी साधं पाणी ओततं, आणि दोन-तीन वर्षांत आत निम्म्याहून जास्त पाणीच उरतं. नागपुरात चालून जातं. सिस्सूच्या रात्रीला ते गोठतं, आणि गोठताना फुगून रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक फोडतं. जुनं पूर्ण काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. काच धुण्याच्या टाकीतही साधं पाणी नको.

टायरची हवा दिल्लीत नाही, मनालीत पोचल्यावर सकाळी गार टायरवर तपासा. थंडीने दाब उतरतो, उंचीने मीटरवर थोडा वाढलेला दिसतो. नागपुरात ४० अंशांत भरलेली ३२ ची हवा शून्य अंशांच्या पहाटे मनालीत साधारण २९ दाखवते. जेवढी कमी तेवढी भरून घ्या, आणि मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजा, नाहीतर टायर जास्त कडक राहतो.

रात्री चढावर गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलसर केबल गोठून अडकते. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी दहाच्या आत, जिथे ऊन पोचलेलं नसतं अशा वळणांवर रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो बर्फाचा पातळ थर. तिथे ब्रेक दाबला की गाडी घसरते. वळणाआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या. बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांना मनालीच्या वेशीवर हरित कर भरावा लागतो.

प्रश्न : मार्चमध्ये जायचंय आणि नागपुरात गरम कपडे कुठेच मिळत नाहीत! (महाल)

उत्तर : तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर बाजार हिवाळ्यापुरता असतो, मार्चमध्ये तो उठलेला असतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच घ्या. आता उशीर झाला असेल तर फक्त आतला थर्मल संच, लोकरी मोजे आणि कानटोपी इथून न्या. जाकीट मनालीत मिळेल. एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे : थर्मल, लोकरीचा स्वेटर, वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट. मार्चमध्ये वरचा थर पाणी न शिरणारा हवाच, कारण चार अंशांतला पाऊस बर्फापेक्षा जास्त गारठवतो. जीन्स नकोत, एकदा भिजली की हॉटेलात दोन दिवस वाळत नाही.

प्रश्न : कुल्लूचा दसरा आपल्या दसऱ्यालाच असतो का? (इतवारी)

उत्तर : आपण सोनं वाटतो त्या दिवशी तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालख्यांतून ढालपूर मैदानावर येतात. मनालीची हिडिंबा आल्याशिवाय रघुनाथजींचा रथ निघत नाही. बघण्यासारखाच आहे, पण त्या आठवड्यात शांतता शोधू नका, आणि कुल्लूत खोली दोन महिने आधी घ्या.

प्रश्न : मनाली दोनदा झाली. त्याच बाजूला आणखी शांत काय आहे? मासेमारीची आवड आहे. (सदर)

उत्तर : तीर्थन खोरं. मनालीची व्होल्वो पहाटे औटच्या बोगद्याआधी थांबवायला सांगा. चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर डोळा लागतो आणि थेट भुंतर येतं. औटहून टॅक्सीने बंजार. तिथून एक रस्ता गुशैणीला, दुसरा जिभीला. गुशैणीच्या पुढे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ पासून जागतिक वारसा. जिभीच्या वर जलोडी खिंड (सुमारे ३,१०० मीटर) आणि तिथून सेरोलसर तळं पायी पाच किलोमीटर, बहुतेक सपाट. खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते, त्यामुळे तळं बघायचं तर नोव्हेंबरचा मध्य ओलांडू नका.

गळ टाकायचा असेल तर मात्र नोव्हेंबर उपयोगाचा नाही. ट्राउटच्या विणीसाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते. ऑक्टोबर किंवा मार्च धरा, मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, आणि मार्चमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहायचं असेल तर रबरी बूट बरोबर न्या. ते पाणी वरच्या बर्फाचं असतं.